तीन नंबरच्या नोजलखालून

मी वायसर बोलतोय. तांब्याचा. आवाज बारीक आहे माझा, तेव्हा जरा जवळ या. फार जवळ मात्र नको. माझ्या फार जवळ बसलेल्यांचं काय होता होता राहिलं, तेच आज सांगायचंय.

भोकाचा पैसा आठवत असेल तुम्हाला. तसाच मी, त्याहून थोडा धाकटा. एवढ्याशा कड्याची कसली आलीय जन्मकथा, असं तुमच्या मनात येणार. येऊ द्या. ज्या दुपारी सोलापूर-अक्कलकोट रस्त्यावर एक अख्खं घर मरणाला घासून गेलं, तेव्हा त्या घराच्या आणि मरणाच्या मधे माझ्या जाडीएवढंच अंतर होतं. मी तिथं होतो. तुम्ही नव्हता.

आधीच्या जन्मी मी हंडा होतो. लग्नाकार्यात पाणी तापवायचा तांब्याचा हंडा. केवढा? त्यात एकदा एक पहिलवान अंघोळीला उतरला तो दुसऱ्या दिवशी सापडला. कमी सांगतोय, जास्त नाही. त्या हंड्याचं बूड ते मी. खाली जाळ, वर पाणी, पाण्यापलीकडे हसणारी-बोलणारी माणसं आणि मधे मी. आग एका अंगाला, माणसं दुसऱ्या अंगाला. माझ्या नशिबात पुढंही हेच लिहून ठेवलं होतं, फक्त हंड्यात ते दिसत होतं आणि पुढच्या जागेत दिसणार नव्हतं.

हंडा गळायला लागला तसा मोडीत निघाला. मंगळवार पेठेतल्या मोडवाल्याकडून तो गुरप्पानं उचलला.

गुरप्पा म्हणजे अक्कलकोट रस्त्यावर कडुनिंबाखाली गॅरेज टाकलेला मिस्त्री. घरची भाषा कानडी. मराठी त्याला कळायचं सगळं, पण जिभेवर यायचं ते उलटं होऊन. त्याच्या मराठीत मोटार 'तो' आणि ट्रक 'ती'. त्या दिवसांत विलायती सामान मिळायची पंचाईत, म्हणून गुरप्पा वायसर स्वतःच पाडायचा. हंड्याचा पत्रा लाकडी ठोकळ्यावर पसरला, वर ठसा धरला आणि घातला घण. आम्ही भावंडं टणाटण उडून त्याच्या परातीत पडलो. माझ्या वेळेला घण जरा तिरका बसला. एक कड किंचित दबली. गुरप्पानं मला उजेडात धरलं, चुकचुकला, आणि तरी परातीत टाकलं.

ती दबलेली कड लक्षात ठेवा.

आता माझं काम सांगतो. सोपं आहे. डिझेलच्या इंजिनाला ठिणगी लागत नाही. आतला दट्ट्या हवा दाबतो, दाबून दाबून भट्टीसारखी तापवतो आणि नेमक्या त्या घडीला वरून नोजल डिझेलची पिचकारी मारतं. भडका उडतो. पुन्हा दाबतो, पुन्हा भडका. तुम्ही गाडीत बसून शेंगा सोलत असता तेव्हा तुमच्या पायापुढं ही होळी अखंड चाललेली असते. नोजल ज्या भोकात बसतं त्या भोकाच्या तळाशी मी. भडका भोकातून वर येऊ द्यायचा नाही, एवढीच माझी नोकरी.

मला ती मिळाली हणमंतच्या गाडीत.

हणमंत मूळचा केम गावचा, पक्क्या मराठी मुलखातला. सोलापुरात एका मालकाच्या मोटारीवर ड्रायव्हर होता. मालकानं नवी गाडी घेतली आणि जुनी अमेरिकन मोटार हणमंतच्या गळ्यात घातली. मोटार कसली, पत्र्याची म्हैसच ती! पेट्रोल भडकलं त्या साली हणमंतनं तिचं पेट्रोलचं काळीज काढून डिझेलचं बसवलं आणि अक्कलकोटच्या वाटेवर उतारू कोंबून न्यायचं वडाप सुरू केलं. नवं इंजिन जुन्या पोटात मावेना म्हणून ड्रायव्हरच्या पायापुढचा पत्रा कापावा लागला. भगदाड पडलं. हणमंतनं त्यात गोणपाट कोंबलं.

तेही गोणपाट लक्षात ठेवा.

माणूस वाईट नव्हता. एकच खोड, आपल्याला कानडी येतं असं त्यानं गावभर सांगून ठेवलं होतं. पोरगी येसू मैंदर्गीकडच्या कानडी घरात दिलेली, तेव्हापासून तर विचारूच नका. शब्द यायचे चार. 'बर्री बर्री' करून उतारू बोलवायचे, 'कूडरी' म्हणून बसवायचे आणि कुणी काहीही बोललं की मान डोलवून 'हौदु, हौदु' म्हणायचं. म्हणजे हो, हो. कानडी माणसाला वाटायचं, याला सगळं कळतं. गुरप्पाला तर इतका आनंद व्हायचा, की बाकी गिऱ्हाइकांशी तोंड वेंगाडून मराठी बोलणारा तो माणूस हणमंतशी मात्र घरच्या भाषेत सुटायचा.

"हणमंतण्णा नम्म मंदी," म्हणायचा. हणमंत आपला माणूस.

"हौदु, हौदु," हणमंत म्हणायचा.

तीन नंबरच्या नोजलखाली मी बरेच दिवस नीट बसलो. मग गाडी एकदा उघडली, गुरप्पानं मला चिमट्यात धरून स्टोव्हवर लालबुंद केलं आणि पाण्यात सोडलं. चुर्र! त्यानं तांबं मऊ पडतं आणि जुना वायसर पुन्हा चालतो. ही त्याची रीत. पुढच्या वेळीही तसंच. पण प्रत्येक जाळातून निघालो की मी थोडा पातळ निघायचो. आणि एक दिवस त्या दबलेल्या कडेला केसाएवढी चीर गेली.

चीर केसाएवढीच. पण आगीला दार किती लागतं? त्या फटीतून तिनं पहिल्यांदा बाहेर श्वास टाकला. फुस्स.

माझ्या जन्मातला मी काढलेला पहिला आवाज तो. मी सांगत होतो, माझ्यानं धरवत नाही. हणमंतला वाटलं, बेल्ट वाजतोय. उतारूंना वाटलं, पुढं बसलेली म्हातारी घोरतेय. एक जण म्हणाला, बॉनेटमधे नाग शिरलाय, आणि वळसंगला उतरताना हात जोडून उतरला. महिनाभरात नोजलच्या गळ्याभोवती डांबरासारखं काळं किटण चढलं. ते वाढत होतं. मी आत बसून ते वाढताना बघत होतो.

वैशाखात हणमंतनं गाडी गुरप्पाकडे आणली, तीसुद्धा फुसफुशीला घाबरून नव्हे. येसू बाळंतपणाला माहेरी आली होती. पोरगी झाली. सासरच्या चालीनं नाव ठेवलं चन्नम्मा. आता बाळ-बाळंतिणीला सासरी पोचवायचा दिवस ठरला होता. इतक्या वर्षांत हणमंतची बायको सोजरबाई नवऱ्याच्या गाडीत एकदाही बसली नव्हती, कारण सीट रिकामी असेल तर उतारू मिळायचा. त्या दिवशी तीही बसणार होती. म्हणून हणमंत म्हणाला, गाडी जरा ऐकायला बरी वाटू द्या.

गुरप्पानं बॉनेट उघडलं आणि काळं किटण बघून कपाळाला हात लावला. एकेक नोजल काढून त्यानं खाली नवे वायसर घातले. हणमंत पाना द्यायला उभा. शेवटी माझी पाळी. मला बाहेर काढलं, चिरेवरून नख फिरवलं.

"मुगीतु," गुरप्पा म्हणाला. संपला.

मला वाईट वाटलं असं तुम्हाला वाटेल. नाही हो. इतकं हलकं मला कधीच वाटलं नव्हतं.

आणि तेवढ्यात रस्त्यावर आवाज झाला. कडबा भरलेल्या एका ट्रकच्या मागच्या स्प्रिंगचा पाटा तुटला आणि ट्रक गॅरेजच्या तोंडाशीच आडवा बसला. दोन्ही बाजूंनी गाड्या तुंबल्या. हॉर्नचा नुसता कालवा. ट्रक आत ओढायला जागा हवी, आणि जागेत हणमंतची म्हैस उभी. गुरप्पानं काय केलं? मलाच पुन्हा भोकात टाकलं, वर नोजल ठेवलं, गाडी दहा पावलं सरकेल एवढंच आवळलं. नवा वायसर रेडिएटरच्या पट्टीच्या खाचेत ठेवला, नजरेपुढं राहावा म्हणून. हणमंतनं गाडी कडुनिंबापलीकडं नेऊन लावली. गुरप्पा ट्रकखाली शिरला.

थोडा वेळ गेला. सोजरबाईचं एक माणूस निरोप घेऊन येऊन गेलं, मंडळी आवरून बसलीत. हणमंत ट्रकपाशी येऊन वाकला.

"गुरप्पाऽ! आता वायसरचं कसं?"

ट्रकखालून, पाटा तोलत, गुरप्पा ओरडला, "होसदु हाकू! होसदु हाकप्पा, हणमंतण्णा!"

मला कानडी येतं. गुरप्पाच्या परातीत वाढलोय मी. होसदु म्हणजे नवा. हाकू म्हणजे घाल. नवा घाल, बाबा. सगळी नोजलं डोळ्यांदेखत बसताना बघितलेल्या माणसाला तेवढं सांगणं पुरे होतं.

पण हणमंतच्या केमच्या कानाला ते ऐकू आलं असं: हुस्तवर हाक. होईल तोवर हाक!

"हौदु, हौदु!" तो म्हणाला, आणि बॉनेट आपटलं.

आत अंधार झाला. मी भोकाच्या तळाशी, नोजल माझ्या डोक्यावर सैल, आणि हातभर अंतरावर, रेडिएटरच्या खाचेत, माझा धाकटा भाऊ कोराकरकरीत पडलेला. मी त्याला म्हटलं, घट्ट बस, पोरा. त्याला काय कळणार? त्यानं अजून आग पाहिली नव्हती.

घरी सोजरबाईनं चन्नीच्या गालाला तीट लावली आणि उरलेलं काजळ बोटानं गाडीच्या नाकाला फासलं.

"हिलाबी लागंल कुणाची तरी," म्हणाली.

"हिला कोण नजर लावतंय?" हणमंत हसला. "हिला बगून माणसं वाट सोडत्यात."

येसू बाळाला घेऊन पुढं बसली, वारं लागतं म्हणून. सोजरबाई मागं, आहेराच्या पिशव्या, शेवयांचा डबा आणि विहिणीसाठी घेतलेली सोलापुरी चादर मांडीवर घेऊन. चन्नीचे पाय बरोबर त्या गोणपाटाच्या दिशेला.

गाडी सुटली. पहिल्याच चढाला मी फुसफुसलो.

"अवो, दुरुस्त केलीया न्हवं?" सोजरबाई मागून म्हणाली. "मग ह्ये काय फुसफुसतंय?"

"केलीया की."

"समदी?"

"गुरप्पा म्हणला, हाक. मिस्त्री म्हणतोय हाक, तर मी काय म्हणू, न्हाय हाकत?"

"म्या इचारलं, समदी का?"

"तू गाडीत पयल्यांदा बसलीयास. डिझेलचं इंजन हाय ते. ते बोलतंच."

हे मात्र खरं होतं. मी बोलतच होतो. कुंभारी मागं पडली तसा मी ओरडायलाच लागलो. फुस्स-फुस्सचं फट्-फट् झालं. नोजल माझ्या डोक्यावर थयथय नाचत होतं. हादऱ्यानं त्याचा एक नट हळूहळू वर चढत होता, आट्यामागून आटा. आणि नोजलच्या डोक्यावरून जो बारीक नळ पुढं जातो, त्याचा सांधा हलून डिझेलचा पहिला थेंब सुटला. तो खाली पडला तापलेल्या धुराड्यावर. चर्र करून वाफ झाली. मग दुसरा. मग त्यांची माळ.

माझ्या बाजूनं आग आणि माणसांच्या बाजूनं डिझेल, आणि दोघांची गाठ पडू नये म्हणून मधे मी. चिरलेला, सैल, संपला म्हणून काढून टाकलेला मी. हंड्याच्या बुडाची शपथ, एवढं बळ लावून मी कधी बसलो नव्हतो. माणसाला सांगता येतं, माझ्यानं होत नाही. मला नुसतं फुस्स करता येतं.

उडत्या डिझेलनं गोणपाट भिजलं. मग त्याच्या कडेला धग लागली आणि ते धुमसायला लागलं. ज्वाला नाही. नुसता धूर, निळसर, आळशी, खालूनच रांगत येणारा.

"आबा, वास येतुया," येसू म्हणाली.

"म्होरं ट्रक गेला असंल."

"म्होरं ट्रक न्हाय."

हणमंतनं पुढं पाहिलं. रस्ता मोकळा होता, वळसंगपर्यंत नुसतं ऊन तळपत होतं. त्यानं काच आणखी खाली केली.

चन्नी घरापासून रडत होती. कुंभारीलाही रडत होती. आता गप्प झाली.

"निजली बग," हणमंत म्हणाला. "गाडीत पोरं निजत्यातच."

येसूनं तिच्याकडं पाहिलं. मूठ उचलून बघितली. सोडली तर मूठ नुसती पडली.

"आये..." येसू म्हणाली. तिचा आवाज मला बॉनेटमधे ऐकू आला. त्या आवाजानं नोजलसुद्धा क्षणभर नाचायचं थांबलं. खोटं वाटत असेल तर वाटू द्या.

सोजरबाई पुढं वाकली. "अवो, थांबा."

"वळसंग आलंच की. तितं सावली हाय."

"थांबा म्हणते म्या! काय म्हणला हो त्यो गुरप्पा? नीट सांगा. त्याच्या तोंडचं सांगा, तुमच्या तोंडचं नगं."

त्याही घडीला हणमंतमधला कानडी पंडित जागा झाला. "त्याच्या तोंडचं तुला काय कळणार? म्हणला, होसदु हाकू."

येसूचे कान त्या 'हाकू'वर अडकले. दोन वर्षं सासरी सासूबाई निंगव्वा दिवसभर हाच एक शब्द तिच्या अंगावर टाकायच्या. नीर हाकू, पाणी घाल. उप्पु हाकू, मीठ घाल. पीठ हाकू, सरपण हाकू. त्या शब्दावर उठायची, त्या शब्दावर निजायची.

"आबा," ती म्हणाली, "हाकू म्हंजी हाक न्हवं. हाकू म्हंजी घाल. होसदु म्हंजी नवा. नवा घाल, म्हणला त्यो. तुमी घातलाय का?"

उत्तर हणमंतच्या पायानं दिलं. ब्रेक असा दाबला की शेवयांचा डबा पुढं येऊन आदळला. इंजिन बंद करायची दांडी त्यानं उपटल्यासारखी ओढली. होळी थांबली.

पण विझली नव्हती. येसू दार उघडून बाळाला घेऊन पळाली. हणमंतनं बॉनेट उचललं, वारं आत शिरलं आणि तेवढ्याचीच वाट बघत बसलेल्या गोणपाटानं भप्पकन पेट घेतला. हणमंत मागं कोलमडला. सोजरबाई नाही कोलमडली. तिनं विहिणीच्या आहेराची ती कोरी चादर उलगडली आणि आगीवर टाकली, वर दोन्ही हातांनी दाबली, जशी तव्यावरची भाकरी दाबावी.

"माती घाला!" ती ओरडली. "बगत काय ऱ्हायलाय? हाका माती!"

त्या गडबडीत तिच्या तोंडून तो शब्द गेला आणि या वेळी हणमंतला बरोबर कळला. ओंजळीओंजळीनं त्यानं रस्त्याकडेचा मुरूम ओतला. धूर काळा झाला, मग पांढरा झाला, मग राहिला नाही.

रस्त्याच्या पलीकडं, बाभळीखाली येसू बसली होती. तिच्या मांडीवर चन्नी. हलत नव्हती.

सोजरबाई धावत गेली. बाळाला पालथं घेतलं, पाठ चोळली. उलटं करून टाळूवर फुंकर मारली. तळपायाला चिमटा काढला. पुन्हा फुंकर. हणमंत मधेच रस्त्यात उभा, मातीनं भरलेले हात पुढं धरून, कुणाला तरी काही द्यायचंय असे. जाणारी एक बैलगाडी थांबली. गाडीवान खाली उतरला आणि काही न विचारता टोपी काढून उभा राहिला.

त्याला टोपी घालायला लावावी असं मला फार वाटलं.

मग एक बारीक आवाज आला. फुस्स, असा. मला वाटलं माझाच. पण इंजिन तर बंद होतं.

मग खोकला. मग असा टाहो की बाभळीवरचे होले उडाले. कमी सांगतोय, जास्त नाही. वळसंगात ऐकू गेला असेल.

सोजरबाई रडली नाही. उठली, रस्ता ओलांडला, नवऱ्यापुढं उभी राहिली आणि म्हणाली, "हौदु हौदु?" एवढंच. मग वळून पुन्हा बाभळीखाली गेली.

हणमंतनं गाडीत डोकं घातलं. नोजल एका नटावर तिरकं लोंबत होतं. फडक्यात धरून त्यानं ते उपसलं, त्याला चिकटून मीही आलो आणि सुटून त्याच्या तळहातावर पडलो. मी अजून तापलेला होतो. त्यानं मला टाकलं नाही. तिथं त्याच्या हातावर माझ्या आकाराचा गोल उठला तो आजही आहे. आणि समोर, रेडिएटरच्या खाचेत, नवा वायसर उन्हात चकाकत बसला होता. एवढा रस्ता हादरे खात आला, पण जागचा हलला नव्हता.

त्याच वेळी सोलापूरकडून तो कडब्याचा ट्रक आला, दोरखंडानं पाटा बांधलेला, आणि त्यातून गुरप्पानं उडी मारली. ट्रकखालून निघाल्यावर गाडी जागेवर नाही बघून तो तसाच निघाला होता. जळकी चादर बघितली, बाळाचं रडणं ऐकलं, आणि खाली बसला. मग आयुष्यात पहिल्यांदा हणमंतशी मराठी बोलला.

"मी घाल म्हटला, हणमंतण्णा. हाक नाही म्हटला."

हणमंत म्हणाला, "मला कानडी येत न्हाय, गुरप्पा."

"मग हौदु का म्हटला?"

हणमंतनं खाचेतला नवा वायसर काढून त्याच्यापुढं धरला. गुरप्पानं पाना घेतला आणि माझ्या धाकट्या भावाला माझ्या जागेत बसवलं. पूर्ण आवळलं. उन्हं कलताना गाडी मैंदर्गीला पोचली. चादर का जळली ते निंगव्वांना येसूनं सांगितलं, कानडीत. निंगव्वांनी सुनेकडं पाहिलं, नातीला घेतलं, आणि म्हणाल्या, मुलीला आगीतून आणणारा तो तांब्याचा तुकडा मला द्या.

तर आता मी कुठं आहे? काळ्या दोऱ्यात, चन्नीच्या कमरेला. बघणाऱ्यांना वाटतं भोकाचा पैसा आहे. चन्नी आता पळते, पडते, माती खाते, आणि तिच्याबरोबर मी सगळ्या घरभर हिंडतो. नोकरी तीच, मधे बसायची. पण चीर आहे माझ्यात अजून, आणि दोराही जुना झालाय.

सुखानं राहिलो असतो. पण मागच्या पंचमीला हणमंत लेकीला भेटायला आला. गाडी अंगणात येऊन थांबली, इंजिन चालूच. आणि मला ऐकू आलं. अगदी बारीक, केसाएवढं. बाकी कुणाला ऐकू जाण्यासारखं नव्हतं ते. माझा भाऊ बोलत होता. हणमंतनं त्यालाही स्टोव्हवर लाल करून पुन्हा बसवून घेतलं असणार. चालतोय की अजून, म्हणाला असणार.

मी काय करणार? मला तोंड नाही, आगच नाही तर आवाजही नाही. मी चन्नीच्या पोटाला नुसता टेकून राहिलो, जितकं गार लागता येईल तितकं गार लागलो.

चन्नी गाडीपाशी गेली. बॉनेटला कान लावला. काजळाचा डाग अजून होता तिथंच.

"फुस्स," ती म्हणाली. मग आजोबाकडं बघून, गाल फुगवून, "फुस्स!"

हणमंत हसला. "बगा, नातीला बी इंजन कळाया लागलं! चल चन्नी, अक्कलकोटपतूर चक्कर मारून आणतो. बस म्होरं."

आणि त्यानं तिला उचलून पुढच्या सीटवर ठेवलं. पायापुढं नवा पत्रा होता, पण त्याच्या कडेतून डिझेलचा तो जुना वास येतच होता. माझ्या खाली सीट थरथरत होती. मला ती थरथर ओळखीची होती. गाडी पुढं सरकली, तोच येसू पिठाचे हात तसेच घेऊन दारात आली. तिनं चन्नीकडं पाहिलं नाही. तिनं ऐकलं. तेवढंच, मान कलती करून, ऐकलं.

मग ती चालत गाडीपुढं येऊन उभी राहिली आणि बापाच्या डोळ्यांत बघून हळूच म्हणाली,

"आबा, होसदु हाकू."

वाचणाऱ्यांनो, तुमच्याही गाडीत, घरात, कुठंतरी कुणीतरी केसाएवढ्या आवाजात फुसफुसत असेल. मान डोलवण्याआधी ऐका, एवढंच मागणं. बाकी मी कमी सांगितलं असेल, जास्त सांगितलं असेल. हे एक मात्र होतं तेवढंच सांगतो.

हणमंतनं या वेळी गाडी हाकली नाही.